सिंधू, या वह्या कोणाच्या?

सिंधू, तुझा भाऊ काल सकाळी तुझी पेटी ठेवून गेला. बस म्हटलं तर बसला नाही, चहासुद्धा उभ्यानंच प्याला. "लुगडी मायनं ठेवून घेतली, बाकी शाळेचं हाये," एवढं म्हणाला आणि गाडीकडे वळला. मला त्याला विचारायचं होतं की तू शेवटी माझं नाव काढलंस का. विचारलं नाही. नाही म्हणाला असता तर मी काय केलं असतं? आणि हो म्हणाला असता तरी काय केलं असतं?

तेव्हापासून मी घरात नुसती हिंडते आहे. दोन खोल्यांचं आपलं क्वार्टर, त्यात हिंडणार तरी किती! चूल पेटवते, दूध ठेवते, उतू गेलं की आठवण होते. झाडून झालेलं पुन्हा झाडते. तू असतीस तर ओरडली असतीस, "वेणू, बस ना वं एका जागी! काऊन भोवरा झाली?" बसवत नाही गं. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी कुठं धड बसलेली नाही. कोपऱ्यात त्या एकवीस वह्यांची थप्पी आहे. कुठंही बसलं तरी ती समोर येते.

चांद्याहून कागद आला आहे. प्रौढ बायांचा वर्ग तुझ्या नावावर, तू नाहीस तर तो बंद. साहित्य शनिवारी येणाऱ्या गाडीनं परत पाठवावे. साहित्य म्हणजे काय तर फळा, खडूचा डबा आणि "वापरलेल्या वह्या". वापरलेल्या! तिकडं गेल्या की त्या रद्दीत जाणार हे मला माहीत आहे. फळा नेऊ दे, पण वह्या जिच्या तिच्या हातात शनिवारच्या आत गेल्या पाहिजेत, एवढंच एक काम माझ्या डोक्यात आहे. आणि तेच मला येत नाही. कोणती वही कोणाची ते मला माहीत नाही. ते तुला माहीत होतं. आणि वह्यांना माहीत होतं, मी हात लावीपर्यंत.

आठवतं ना, वह्या कशा झाल्या? राज्य बदललं आणि जुन्या राज्याच्या नावानं छापलेले फॉर्म कचेरीत कोणाला नकोसे झाले. तू गडचिरोलीहून तो अख्खा गठ्ठा बैलगाडीत मांडीवर घेऊन आलीस. मागची बाजू कोरी होती, तुला तेवढं पुरे. शाळेच्या पडवीत बायांना बसवलंस, दाभण दिलंस, पांढऱ्या दोऱ्याचं एकच रीळ दिलंस, वरून खाकी कागद. दुपार कलेपर्यंत एकवीस वह्या शिवून तयार. सगळ्या एकसारख्या, जुळ्या म्हणाव्यात तशा.

मी लगेच दौत-टाक घेऊन बसले होते. "चला, नावं सांगा एकेक."

तू खो खो हसलीस. "अवं वेणू, नाव लिहिशील, पन वाचन कोण? वाचता येत असतं त ह्या इथी कायले आल्या असत्या?"

माझं तोंड एवढंसं झालं. पण मी कुठली ऐकणार! मी विचारायला सुरुवात केलीच. पहिली म्हणाली बुधी. दुसरी बुधी. तिसरी सोमी, चौथी पुन्हा बुधी. ज्या वारी जन्मली त्या वाराचं नाव, म्हणजे आपल्या वर्गात चार बुधी, तीन सोमी, दोन मंगळी. "मग नवऱ्याचं नाव सांगा," मी म्हटलं, तर साऱ्याजणी पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. नवऱ्याचं नाव कोण घेतं? थोरल्या बुधीनं हात लांब करून दाखवलं, "तो पाहा ना बाई, त्या मोहाच्या झाडाखाली बिडी पिऊन राह्यला. त्याचंच." मी टाक आपटला. शाई उडाली ती तुझ्या पोलक्यावर. तो डाग शेवटपर्यंत गेला नाही.

तेव्हा तू ती युक्ती काढलीस. जंगलात जाल तेव्हा आपापली खूण आणा, आपल्या वहीवर लावा. डिंक माझ्याकडे आहे, धावड्याचा. दुसऱ्या दिवशी कोणी गुंज आणली, कोणी मोहाची बी, कोणी पळसाची पापडी, कोणी मोरपिसाचा डोळा. शुक्रीनं सापाची कात आणली आणि मी खुर्चीवर चढले. एका मंगळीनं बिब्बा आणला, मी ओरडले की हात उततील, तिचे काही उतले नाहीत. आणि चिंगीची चारोळी उंदरानं खाल्ली, तर ती म्हणाली की उंदरानं कुरतडलेली वही ती माझी, आता दुसरी खूण कशाला हवी. कोणी म्हटलं बाई तुम्हीच लावून द्या, तर तू हात मागे घेतलेस. "जिची तिनंच लावाची. मी नाई लावून देत." तुझा नियम. तुझे नियम थोडे असत पण त्यात बदल नसे.

आणि दुसरा नियम शेवटच्या पानाचा. शेवटचं पान जिचं तिचं. लिहा, रेघोट्या मारा, कोरं ठेवा, बाई पाहणार नाहीत. मी तुझ्याशी भांडले होते. तपासायचंच नाही तर लिहायचं कशाला?

"तपासाले सारी वही हाये तुले. एक पान त सोड."

सोडलं. कुरकुरत सोडलं, पण शब्द दिला. थोरली बुधी त्या पानावर कितीतरी वेळ वाकून बसायची, बोटाला पेन्सिलीचं काळं लागेपर्यंत. मला फार वाटायचं की जाता जाता डोकावून पाहावं. पाहिलं नाही, सिंधू. अजूनही नाही. या सतरा दिवसांत थप्पी चार वेळा पुढ्यात घेतली. चिंगीची कुरतडलेली वही तेवढी कळली, बाकी पुढची पानं सगळ्यांची सारखीच, ग म भ न, ग म भ न. शेवटचं पान उघडलं असतं तर कदाचित कळलं असतं वही कोणाची. पण तेवढं केलं नाही. आणि अंदाजानं वाटाव्यात तर एकीचं शेवटचं पान दुसरीच्या हातात जायचं. ते तू मला कधी माफ केलं नसतंस.

जे केलं ते तरी कुठं माफ केलंस?

आता लिहितेच. तू गडचिरोलीला खडू आणि क्विनाइनच्या गोळ्या आणायला गेली होतीस, दोन दिवस. आणि निरोप आला की तपासनीस साहेब येणार. मी वह्या काढल्या. थप्पी लावली तर ती तिरपी. बिया, पानं, पिसं, कातीला मुंग्या लागलेल्या. मला लाज वाटली. साहेब काय म्हणतील, ही शाळा आहे की वैदूचं गाठोडं? मी ओलं फडकं घेतलं, डिंक भिजवला, सुरीनं खरवडला, आणि सगळ्या खुणा अंगणात टाकल्या. कोंबड्यांनी काही टिपल्या. मग पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, वळणदार अक्षरात नावं लिहिली आणि रजिस्टराच्या क्रमानं वरून खाली वह्यांवर डकवली. बुधी एक. बुधी दोन. बुधी तीन. बुधी चार. थप्पी सरळ बसली. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मी दारातून दोनदा मागे वळून पाहिलं.

तू आलीस ती गुडघ्यापर्यंत चिखलात. पिशवी ठेवली, वरची वही उचलली. तू ओरडली नाहीस, तिथंच माझं चुकलं हे मला कळायला हवं होतं.

"बुधी एक कोणती, वेणू?"

"रजिस्टरात पहिली हाये ते."

"रजिस्टरात पहिली कोणती?"

मला सांगता आलं नाही. दोन वर्षं त्या माझ्यापुढं बसत होत्या आणि मला चौघींतली एक वेगळी काढता येत नव्हती. थोरली तेवढी ओळखायची, तिचे केस पांढरे म्हणून. तू अंगणात गेलीस आणि वाकून शोधायला लागलीस. एक गुंज सापडली, पापडीचा अर्धा तुकडा सापडला. ते पदरात बांधून आलीस आणि म्हणालीस, "त्याइच्या अंगावरचं गोंदन पुसल्यासारखं केलं तू."

मी चिडले. चूक आपली असली की मी जास्त चिडते, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "तुले नेहमी त्याइचीच बाजू दिसते! तू इथी शिकवाले आली का त्याइच्यात राहाले?"

बोलून गेले. त्यानंतर आपण काय बोललो? मीठ कुठी हाये. मडक्यात. घागर भरली का. भरली. असं तीन दिवस. साहेब आलेच नाहीत, सिंधू! ज्यांच्यासाठी मी सगळं खरवडलं ते इकडे फिरकलेसुद्धा नाहीत. चौथ्या दिवशी तुला ताप भरला. क्विनाइन तूच आणलेलं होतं, त्यानं उतरला नाही. दोन दिवसांनी तुझा भाऊ नागभीडला न्यायला आला. गाडीत तणस पसरून वर मी माझी वाकळ घातली, तुला धरून बसवलं. तू माझं मनगट धरलंस. "वेणू, त्या वह्या..." म्हणालीस. आणि मी, मी शहाणी, मध्येच म्हणाले, "पाहीन मी, तू पयले बरी होऊन ये." गाडी हलली. तू काय म्हणणार होतीस? मी तुला बोलू का दिलं नाही? दोन वर्षांत मी कधी कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलं असेल तर शपथ.

हे विचारत विचारत काल तुझी पेटी उघडली. वर शाईचा डाग पडलेलं तुझं पोलकं, ते मायनं बहुतेक टाकाऊ समजून पाठवलं. त्याखाली अंकलिपी, आणि सगळ्यात खाली एक खाकी वही. बाविसावी. वर ना चिठ्ठी ना खूण. मला वाटलं तुझी स्वतःची असेल. उघडली आणि चुलीपाशीच बसकण मारली.

पहिल्या पानावर तुझं तिरपं अक्षर. "बुधी, टोल्यावरची: गुंज. हसताना एका गालाला खळी पडते. बुधी, थोरली: मोहाची बी. कमी ऐकू येतं, डाव्या बाजूनं बोलावं. बुधी, नदीकडची: पापडी. दोन लेकरं गेली, घरच्यांविषयी विचारू नये. शुक्री: सापाची कात. कोणाला भीत नाही, फळ्याला भिते." असं एकवीस जणींचं. मी दोन वर्षं थोरल्या बुधीवर ओरडत होते की लक्ष कुठं असतं तुझं. मी तिच्या उजवीकडे उभी राहायची. आणि नदीकडच्या बुधीला मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, लेकरं किती? ती उठून गेली तर म्हटलं, काय उद्धट बाई आहे.

रडले मी काल. तुझ्या जाण्याच्या बातमीनं नव्हते रडले इतकी रडले. आणि मग राग आला, तुझाच. हे सगळं तू आधी का दाखवलं नाहीस? आणि आता या यादीचा उपयोग काय? गुंज कोणाची ते कळलं, पण कोणत्या वहीवर गुंज होती ते कसं कळावं? खुणा तर कोंबड्यांच्या पोटात! पानांमध्ये दाबून चपटी झालेली एक सुकी मिरची आणि कागदात बांधलेला डिंकाचा खडा होता. डिंक समजला. मिरची यादीत कोणाचीच नव्हती. मसाल्याची असेल म्हणून कोनाड्यात ठेवणार होते, पण तुझ्या हातची म्हणून पुन्हा तिथंच ठेवली.

एवढं काल लिहून उठले होते. आज शुक्रवार. पुढचं आता लिहिते.

दुपारी टोपल्यात बावीसही वह्या घातल्या आणि टोल्यावरच्या वस्तीत गेले. वाटभर मनात भाषण जुळवत होते. बाया मांडवाखाली बसल्या होत्या, कोणाकडे तरी लगीन आहे, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावणं चाललं होतं. मी टोपलं उतरवलं आणि जुळवलेलं भाषण कुठच्या कुठं गेलं. उभ्याउभ्याच म्हटलं, "माझी चूक झाली. तुमच्या खुणा म्या काढल्या. आता कोणाची कोणती ते मले समजत नाई. मांगचं पान म्या पाह्यलं नाई, देवाची आण. पन सिंधू नाई, आन मले वळखू येत नाई."

मग थोरल्या बुधीनं हात पदराला पुसले आणि वरची वही घेतली. मी डाव्या बाजूला सरकले. तिनं माझी सुरेख चिठ्ठी पाहिलीसुद्धा नाही. वही उलटी केली, पाठीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"हे सोमीची," ती म्हणाली. "दूर दूर टाके घालते, आळशी!"

सोमी हसत हसत पुढं आली. मग दुसरी वही, तिसरी. "हे मंगळीची, ते डावऱ्या हातानं शिवते." "हे माझीच, दोन गाठी मारल्या मी." एवढ्यात साऱ्याजणी टोपल्याभोवती. अगा माय! मी घामानं ओली आणि यांचं हसणं-खिदळणं चाललेलं.

"काय पाहून राह्यल्या बाई?" टोल्यावरची बुधी म्हणाली. हो, खळी पडली एका गालाला. "लगनात हजार पत्रावळी एका ठिकानी राह्यते. कोनती कोनाच्या हातची, आमाले वळखू येते. त वही नाई येनार?"

मी दोन वर्षं त्यांच्या पत्रावळींवर जेवले, सिंधू. एकदाही उलटी करून पाहिली नाही.

"मंग खुणा कायले लावल्या होत्या?" मी विचारलं.

त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. शेवटी शुक्रीच बोलली, ती कोणाला भीत नाही. "खुणा त तुमच्यासाठी होत्या, बाई. सिंधूबाई म्हने, वेणूबाईले तुमी साऱ्या एकसारख्याच दिसता. बिया-पानं पाहून त वळखन."

मी खाली बसले. कोणीतरी पाण्याचा गडवा पुढं केला. थोरली बुधी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आमी चौघी बुधी. पन सिंधूबाई हाक मारे त जिले मारे तेच वळे. तिच्या आवाजातच समजे." मग तिनं नाक शिंकरलं आणि पुन्हा पत्रावळीला हात घातला.

टोपल्यात एकच वही राहिली. मी म्हटलं, ही सिंधूची, ही माझ्याकडे ठेवते. थोरलीनं ती घेतली, शिवण चाचपली. "टाका सिंधूबाईचा हाये. पन वही तिची नाई." पानं झटकली तशी ती चपटी मिरची तिच्या मांडीवर पडली, आणि साऱ्याजणी पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. शुक्री तर लोळायचीच बाकी होती.

"तुमची बाई! मिरची तुमचीच! सिंधूबाईनं सांगतलं होतं, वेणूबाईची खूण मी ठेवली हाये, पन लावाची तिनंच."

सिंधू, तू महाडँबिस होतीस. इकडं मला सगळा गाव मिरचीबाई म्हणतो आणि मला पत्ता नाही! मीसुद्धा हसले गं. हसता हसता कशी रडायला लागले ते समजलं नाही. नदीकडची बुधी माझ्याजवळ येऊन बसली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. तिनं मला काही विचारलं नाही. मीही तिला नाही.

फळा आणि खडूचा डबा उद्या गाडीत घालीन. वह्यांचं कोणी विचारलं तर सांगीन, ज्यांच्या होत्या त्यांनी नेल्या. पुढच्या आठवड्यापासून टोल्यावर मांडवातच बसायचं ठरलं आहे, पगार नाही, फळा नाही, त्यांना अक्षरं आणि मला पत्रावळ. पहिली माझी फाटली, हे तुला सांगायलाच नको.

तू गाडीत म्हणणार होतीस ते हेच का? असेल. नसेलही. विचारायला आता तू नाहीस आणि ते मला या जन्मी कळणार नाही, हे मान्य करायला मला फार जड जातं आहे. त्या दिवशी मी तुला जे बोलले ते चूक होतं. तू इथं राहायलाच आली होतीस, आणि तेच बरोबर होतं.

घरी आले, डिंकाचा खडा पाण्यात भिजवला, मिरची माझ्या हातानं वहीवर लावली. जरा तिरपी बसली आहे, राहू दे. मग शेवटचं पान उघडलं आणि दिवस मावळेपर्यंत लिहीत बसले, एका जागी. काय लिहिलं ते तुलासुद्धा सांगणार नाही. नियम तुझाच आहे.